हाऊसिंग ग्रीसने गच्च, तरी बेअरिंग कोरडं: आयडी फॅनवर पुन्हा पुन्हा येणारी तक्रार

तक्रार दर हंगामात जवळपास त्याच शब्दांत येते. बॉयलरच्या आयडी फॅनचं (धूर ओढून चिमणीकडे ढकलणाऱ्या पंख्याचं) बेअरिंग तापतंय, प्लमर ब्लॉकच्या (बेअरिंगच्या बैठ्या हाऊसिंगच्या) सीलमधून तेल ठिबकतंय, दर शिफ्टला ग्रीस मारलं जातंय, आणि तरीही गाळप ऐन भरात असताना बेअरिंग जातं. नवीन बसवलं की काही आठवडे निवांत, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. उघडून बघावं तर हाऊसिंग ग्रीसने गच्च भरलेलं. मग स्टोअरशी भांडण सुरू होतं: ग्रीसचा लॉट खराब होता, नाहीतर बेअरिंग डुप्लिकेट आलं. दोन्ही गोष्टी घडतात, नाही असं नाही. पण एकाच जागेचं बेअरिंग सारखं जात असेल तर आधी एवढंच विचारा: ग्रीसमधलं तेल कुठे गेलं?

उदाहरणासाठी साखर कारखान्यातला, बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) चालणाऱ्या बॉयलरचा आयडी फॅन घेतोय. ९० मिमी शाफ्ट, अ‍ॅडॉप्टर स्लीव्हवर (शाफ्ट आणि बेअरिंग यांमधल्या निमुळत्या नळीवर) बसवलेलं २२२२० के जातीचं स्फेरिकल रोलर बेअरिंग, सहा पोलची मोटर, म्हणजे मिनिटाला हजाराच्या जरा आत फेरे. तुमच्याकडे फौंड्रीचा ब्लोअर असेल किंवा सिमेंटच्या किल्नचा फॅन, आकडे बदला, तर्क तोच राहतो.

वंगणाचं काम नेमकं कोण करतं

ग्रीसमध्ये साधारण ७० ते ९५ टक्के तेल असतं, ५ ते २० टक्के थिकनर (घट्टपणा देणारा पदार्थ), आणि उरलेली अ‍ॅडिटिव्ह (गुण वाढवणारी रसायनं). थिकनर म्हणजे बहुतेक ग्रीसमध्ये चक्क साबण. आपल्या नेहमीच्या लिथियम ग्रीसमधला साबण ज्या आम्लापासून बनतो ते एरंडेलातून काढतात, म्हणजे लोखंडी बेअरिंगच्या पोटात शेतातलं पीक आहेच. या साबणाचे केसाच्या शेकडो पट बारीक तंतू एकमेकांत गुंतून जाळी तयार होते आणि त्या जाळीच्या पोकळ्यांत तेल धरून ठेवलेलं असतं.

दही फडक्यात बांधून टांगलं की पाणी ठिबकतं आणि चक्का उरतो. ग्रीसचं वागणं बरंचसं तसंच आहे. तेल जाळीतून हळूहळू सुटतं, साबण मागे राहतो. फरक एवढाच, की श्रीखंड करताना आपल्याला चक्का हवा असतो आणि बेअरिंगला हवं असतं ते ठिबकणारं.

नवीन ग्रीस भरून फॅन सुरू केला की पहिले काही तास रोलर ते ग्रीस घुसळतात आणि बाजूला सारतात. या काळात तापमान वाढतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मग बहुतेक ग्रीस रोलरच्या वाटेतून बाहेर पडून पिंजऱ्यावर (रोलर जागेवर धरणाऱ्या सांगाड्यावर), रिंगच्या कडेला आणि हाऊसिंगच्या भिंतीला जाऊन बसतं. तापमान खाली येऊन स्थिरावतं. इथून पुढे रोलर आणि ट्रॅक (रिंगवरची रोलरची वाट) यांच्यामध्ये जाड ग्रीस फार थोडं असतं. कडेला बसलेल्या साठ्यातून जे तेल झिरपतं आणि पिंजऱ्यावरून थोडं थोडं जे ओढलं जातं, त्यावर बेअरिंग महिनोन्‌महिने चालतं.

म्हणून ग्रीसने तेल सोडणं हा दोष नाही, ते त्याचं कामच आहे. मुळीच तेल न सोडणारं ग्रीस बेअरिंगला उपाशी मारेल. दोष तेव्हा, जेव्हा तेल फार लवकर सुटतं, किंवा रोलरकडे जाण्याऐवजी सीलमधून खाली जातं. साठ्यातलं साधारण निम्मं तेल निघून गेलं की उरलेलं ग्रीस दिसायला ग्रीस असतं, कामाचं नसतं. हाऊसिंग 'भरलेलं' दिसतं ते या उरलेल्या साबणाने.

कव्हर काढल्यावर लगेच पुसू नका

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. वरचा अर्धा भाग उचलला की फिटर पहिलं काम करतो ते म्हणजे चिंध्या आणि रॉकेल घेऊन सगळं चकाचक धुतो. पुरावा गेला. धुण्याआधी तीन ठिकाणचं चमचाभर ग्रीस वेगवेगळ्या प्लास्टिकच्या झाकणांत काढून घ्या: पिंजऱ्याच्या खिशातलं, सीलच्या आतल्या कडेचं, आणि हाऊसिंगच्या तळाचं. चौथ्या झाकणात डब्यातलं नवीन ग्रीस.

आता साधी परीक्षा. ब्लॉटिंग पेपर किंवा फिल्टर पेपरवर चारही नमुन्यांचे सारख्या आकाराचे गोळे शेजारी शेजारी ठेवा आणि ६० अंशांच्या आसपास दोन तास गरम ठेवा. प्रयोगशाळेत ओव्हन असतोच. साखर कारखान्याला त्याची वानवा नाही. नवीन ग्रीसभोवती तेलाचं एक गोल वलय पसरेल. पिंजऱ्यातल्या नमुन्याभोवती वलयच आलं नाही किंवा अगदी अरुंद आलं, तर त्यातलं तेल संपलंय. वलय नव्याहून मोठं आलं, तर जाळी मोडलीय आणि ग्रीस तेल धरू शकत नाहीये. या दोन निकालांचे उपाय अगदी उलटे आहेत, आणि म्हणूनच 'ग्रीस खराब' एवढ्यावर थांबून चालत नाही.

बोटांनाही बरंच कळतं. तेल गेलेलं ग्रीस नखाने खरवडलं तर कोरडे तुकडे पडतात, चोळलं तर भुकटी होते, त्वचेवर चिकटपणा उरत नाही. जाळी मोडलेलं ग्रीस उलट पातळ होऊन बोटावरून ओघळतं. पाणी शिरलेलं असेल तर रंग दुधाळ होतो. जळकट, आंबूस वास आणि चकचकीत तपकिरी थर म्हणजे तेल ऑक्सिडाइज झालंय. आणि तीन जागांचे नमुने तीन तऱ्हेचे निघाले तर आनंद माना, त्यातच उत्तर असतं. तळाला ताजंतवानं पिवळं ग्रीस आणि पिंजऱ्यात काळा कोरडा थर, याचा अर्थ सरळ आहे: गनमधून मारलेलं ग्रीस बेअरिंगपर्यंत पोहोचतच नव्हतं.

कारण पहिलं आणि सर्वांत मोठं: जास्त ग्रीस

"मामा, दर वेळेला किती मारता?"

"साहेब, बाजूनं बाहेर येस्तवर मारतो. कमी पडाय नको."

हा संवाद कुठल्याही कारखान्यात ऐकायला मिळेल, आणि ग्रीस मारणाऱ्या मामांचा हेतू चांगलाच असतो. पण हाऊसिंग पूर्ण भरलं की रोलरने सारलेल्या ग्रीसला जायला जागा उरत नाही. ते पुन्हा पुन्हा घुसळलं जातं, तापतं, तेल पातळ होऊन जाळीतून झपाट्याने सुटतं, आणि आतल्या दाबाने सीलमधून बाहेर येतं. मागे राहतो साबण. त्यावर दुसऱ्या दिवशी नवीन ग्रीस. बेअरिंग तापलं म्हणून आणखी ग्रीस. अशा फेऱ्यात काही आठवड्यांत बेअरिंगभोवती साबणाची भिंत उभी राहते आणि नवीन ग्रीस त्या भिंतीच्या बाहेरून सोप्या वाटेने ड्रेनकडे (जुनं ग्रीस बाहेर पडण्याच्या भोकाकडे) निघून जातं.

बसवताना बेअरिंगच्या आतली जागा पूर्ण भरायची, पण हाऊसिंगची मोकळी जागा ३० ते ५० टक्केच. नंतरच्या भरतीसाठी बेअरिंग कंपन्यांचा नेहमीचा हिशोब असा: बाजूने ग्रीस द्यायचं असेल तर बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५, उत्तर ग्रॅममध्ये. २२२२० चा बाहेरचा व्यास १८० मिमी, रुंदी ४६ मिमी. म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम. बेअरिंगच्या नंबरापुढे डब्ल्यू ३३ असेल तर बाहेरच्या रिंगला मधोमध खाच आणि भोकं असतात. निप्पल (ग्रीस गन लावायचं तोंड) त्या खाचेवर येत असेल तर ग्रीस थेट रोलरच्या दोन रांगांमध्ये उतरतं, आणि मग ०.००२ पुरतं, म्हणजे १६ ते १७ ग्रॅम.

तुमच्या गनच्या एका दाबाला किती ग्रॅम येतं? अंदाजाने सांगू नका. दहा दाब कागदावर काढा, प्रयोगशाळेच्या काट्यावर तोला, दहाने भागा, आणि आकडा गनवर पेंटने लिहा. गनगनिक तो बदलतो, झिजलेल्या गनचा तर फारच. मग फॅनजवळच्या पाटीवर 'ग्रीस मारणे' असं न लिहिता 'अमुक नंबरची गन, इतके दाब' असं लिहा.

भरती करताना फॅन चालू हवा, हात सुरक्षित अंतरावर ठेवून, आणि ड्रेन प्लग काढलेला हवा. इथे एक बारीक गोष्ट नेहमी निसटते. निप्पल आणि ड्रेन बेअरिंगच्या एकाच बाजूला असतील तर नवीन ग्रीस बेअरिंगमधून न जाता थेट बाहेर. बाजूने भरत असाल तर निप्पल एका बाजूला आणि ड्रेन पलीकडच्या बाजूला हवा. कव्हर रंगवताना ड्रेनवरही रंगाचा हात फिरलेला असतो, प्लग कित्येक वर्षं हललेला नसतो. तो काढून तार घालून बघा.

भरतीनंतर काही तास तापमान १० ते २० अंशांनी वर जाऊन परत खाली आलं तर सगळं ठीक. दुसऱ्या दिवशीही खाली आलं नाही तर जास्त झालंय. ड्रेन उघडा ठेवून चालू द्या, जादा ग्रीस आपोआप बाहेर येईल. पाणी मारून थंड करू नका, कृपा करून. हाऊसिंग आकसतं, आतली रिंग गरमच राहते, बेअरिंगमधली जागा कमी होते, आणि शिवाय सीलमधून पाणी आत.

उष्णता कुठून येतेय

आयडी फॅनमधून जाणारा धूर एअर प्रीहीटरनंतरही दीडशे अंशांच्या आसपास असतो. इंपेलर तापतो, शाफ्ट तापतो, आणि शाफ्टमधून उष्णता बेअरिंगच्या आतल्या रिंगकडे येते. म्हणून अशा फॅनच्या शाफ्टवर केसिंग आणि बेअरिंग यांच्यामध्ये कूलिंग डिस्क दिलेली असते. ओव्हरहॉलमध्ये ही डिस्क काढली जाते आणि परत बसवायची राहून जाते, किंवा बगॅसच्या राखेने ती इतकी माखते की हवा ढवळणं बंद होतं. तापमानाची तक्रार असेल तर ग्रीसचा डबा हातात घेण्याआधी ही डिस्क बघा.

दुसरी वेळ धोक्याची असते ती फॅन ट्रिप झाल्यावर. धूर गरम, शाफ्ट गरम, पण डिस्क फिरत नाही. बंद पडलेल्या फॅनचं बेअरिंग पुढच्या तासाभरात चालू असतानापेक्षा जास्त तापलेलं आढळतं ते यामुळे. तेवढ्या वेळात तेल पातळ होऊन खाली उतरतं. सकाळी ठिबकलेलं दिसतं आणि लोक म्हणतात, फॅन तर बंद होता, मग गळलं कसं.

तापमानाचा भरतीच्या कालावधीवर होणारा परिणाम जबर आहे. बेअरिंगचं तापमान ७० अंशांच्या वर गेलं की दर १५ अंशांमागे भरतीचा काळ निम्मा करावा लागतो. समजा ७० अंशांना २००० तासांनी भरायचं होतं. ८५ ला १००० तास, १०० अंशांना फक्त ५००. आठवड्याला १६८ तास धरले तर ५०० तास म्हणजे तीन आठवडे. तुमचं बेअरिंग काही आठवड्यांत का जातं याचं अर्धं उत्तर या गणितात असू शकतं. तापमान हाऊसिंगच्या वरच्या पत्र्यावर न मोजता बाहेरच्या रिंगच्या जितकं जवळ जाता येईल तिथे मोजा.

इथे एक गैरसमज काढून टाकू. 'आमचं ग्रीस १८० अंशांपर्यंत टिकतं' असं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ड्रॉपिंग पॉइंट सांगितला जातो. साध्या लिथियम ग्रीसचा ड्रॉपिंग पॉइंट १८० ते २०० अंशांच्या घरात असतो, लिथियम कॉम्प्लेक्सचा २६० च्या आसपास. पण तो जाळी पूर्ण कोसळून थेंब पडण्याचा बिंदू आहे. त्याच्या कितीतरी खाली तेल भराभर सुटू लागलेलं असतं. साधं लिथियम सतत ११०–१२० अंशांच्या वर चालवू नये.

तेलाच्या जाडीचा हिशोब मात्र इथे सहसा बिघडत नाही. ईपी २ (जास्त दाब सोसणाऱ्या, २ नंबरच्या) ग्रीसमध्ये बहुधा १५० ते २२० ग्रेडचं तेल असतं. २२० चं तेल १०० अंशांवर १९ सेंटीस्टोकच्या (तेलाच्या जाडीचं माप) आसपास उरतं, आणि या आकाराच्या, या वेगाच्या बेअरिंगला किमान १२–१३ लागतं. म्हणजे तेल पोहोचलं तर पुरेसं आहे. प्रश्न पोहोचण्याचाच आहे. म्हणून 'आणखी जाड ग्रीस द्या, ३ नंबर द्या' ही मागणी मी टाळतो. नंबर म्हणजे ग्रीसचा घट्टपणा, तेलाची जाडी नव्हे. २ नंबर म्हणजे २५ अंशांवर शंकू २६५ ते २९५ दशांश मिमी आत जातो. ३ नंबर म्हणजे २२० ते २५०. ३ नंबर घट्ट आहे, गळती थोडी कमी दिसेल, पण तेल सोडण्याचं प्रमाणही बहुधा कमी होतं.

आणि हो, दोन्ही टोकांची बेअरिंग हाऊसिंगमध्ये लोकेटिंग रिंग (बेअरिंगला बाजूला सरकू न देणारी कडी) घालून आवळली असतील तर तापून लांबलेल्या शाफ्टला सरकायला जागाच नाही. एक टोक मोकळं हवं. हे चुकलं असेल तर जगातलं कुठलंही ग्रीस घाला.

वेगवेगळी ग्रीस एकत्र

पेपरवर वलय नव्याहून मोठं आलं, ग्रीस ओघळतंय, तर सगळ्यात आधी हे तपासा: मागच्या हंगामापासून आतापर्यंत स्टोअरमधून कुठली कुठली ग्रीस निघाली. लिथियममध्ये पॉलियुरिया (साबणाऐवजी दुसरं थिकनर असलेलं ग्रीस) मिसळलं, किंवा बेंटोनाइट मातीचं ग्रीस मिसळलं, तर पुष्कळदा जाळी मोडते आणि तेल मोकळं होतं. काही जोड्या उलट घट्ट होतात. नवीन मोटरची बेअरिंग बऱ्याचदा पॉलियुरियाने भरून येतात आणि आपला फिटर त्यात कारखान्याचं लिथियम मारतो. फॅनच्या मोटरचं बेअरिंग लवकर जाण्यामागे हेही कारण असू शकतं. रंगावर जाऊ नका. निळं, लाल, हिरवं हा नुसता रंग टाकलेला असतो. दोन निळी ग्रीस आतून पूर्ण वेगळी असू शकतात.

ग्रीस बदलायचंच असेल तर बेअरिंग उघडून, जुनं पूर्ण काढून बदला. गनने 'ढकलून बाहेर काढू' म्हणणं म्हणजे साबणाच्या भिंतीमागून ढकलणं.

अ‍ॅडिटिव्ह तेलाबरोबर जातात, पण सगळी नाही

आता त्या लोकांसाठी, ज्यांचं तापमान ठीक, माप ठीक, तरी ट्रॅकवर ओरखडे येतात.

अ‍ॅडिटिव्ह तीन तऱ्हेने वागतात. तेलात विरघळलेली, उदाहरणार्थ अँटिऑक्सिडंट (तेल ऑक्सिडाइज होण्यापासून वाचवणारी), ती सुटणाऱ्या तेलाबरोबर रोलरपर्यंत जातात. तिथे पातळ थरात, गरम लोखंडाला चिकटून, हवेच्या संपर्कात ती झपाट्याने संपतात. साठ्यातून नवीन तेल येत राहिलं तर भरपाई होते. साठा तेल द्यायचा थांबला की ट्रॅकवरच्या थराला संरक्षण उरत नाही, तो वार्निशसारखा होऊन चिकटतो. म्हणून हाऊसिंगच्या कोपऱ्यात चांगलं दिसणारं ग्रीस आणि ट्रॅकवर तपकिरी कवच, दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

दुसरा गट दाब सहन करणारी आणि झीज रोखणारी अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे गंधक-फॉस्फरसवाली आणि झिंकवाली. ही तेलात विरघळतात, पण त्यांना पृष्ठभागाची ओढ असते. लोखंडाला चिकटावं म्हणून ती घातलेली असतात. पण साबणाच्या तंतूंचा पृष्ठभागही त्यांना तितकाच आवडतो, आणि ग्रीसमध्ये तंतूंचा पृष्ठभाग अफाट असतो. म्हणजे बरीच अ‍ॅडिटिव्ह जाळीलाच चिकटून राहतात आणि सुटलेल्या तेलात त्यांचं प्रमाण डब्यावर लिहिल्यापेक्षा कमी असू शकतं. तेच रसायन, तेच प्रमाण गिअर ऑइलमध्ये छान चालतं आणि ग्रीसमध्ये कमी पडतं, याचं एक कारण हे. साबण बदलला, लिथियमच्या जागी कॅल्शियम सल्फोनेट आलं, की अ‍ॅडिटिव्हची गणितंही बदलतात.

तिसरा गट घन कणांचा: मोलिब्डेनम डायसल्फाइड, ग्रॅफाइट. तेल सुटतं तेव्हा हे कण जाळीत अडकून मागेच राहतात. तेल जातं तसं उरलेलं ग्रीस अधिकाधिक काळं आणि दाट होत जातं. काळं ग्रीस म्हणजे 'जास्त ताकदीचं' अशी एक समजूत आहे. पिना, बुश, संथ फिरणारे जड सांधे, तिथे ते उत्तम. हजार फेऱ्यांच्या फॅनला त्याची गरज नाही, आणि काळ्या ग्रीसमध्ये जळकेपणा डोळ्यांना ओळखूही येत नाही.

पितळी पिंजऱ्याचं बेअरिंग असेल तर एक गोष्ट जवळून बघा. पिंजरा धुतल्यावर पिवळा दिसण्याऐवजी काळपट-जांभळा दिसतोय का? १०० अंशांच्या वर क्रियाशील गंधक पितळावर हल्ला करतो. अशा ठिकाणी ईपी नसलेलं किंवा तांब्याच्या पट्टीच्या चाचणीत उत्तीर्ण झालेलं ग्रीस मागवा.

प्रयोगशाळेत नमुना पाठवणार असाल तर फक्त लोखंडाचा आकडा मागू नका. नव्या आणि जुन्या ग्रीसमधलं लिथियमचं प्रमाण मागा. लिथियम साबणात असतं, ते जागचं हलत नाही. जुन्यात लिथियमचं प्रमाण नव्याच्या दीडपट आलं तर तेल किती गेलं ते हिशोबाने निघतं. त्याच वेळी झिंक आणि फॉस्फरस मात्र वाढण्याऐवजी घटले असतील, तर ती अ‍ॅडिटिव्ह तेलाबरोबर बाहेर गेली किंवा खर्च झाली. मिसळलेल्या ग्रीसवर हा हिशोब चालत नाही, हे लक्षात ठेवा.

डब्यातच तेल वर आलंय

डबा उघडला आणि वर तेलाचं तळं. परत पाठवायचा का? बहुतेक वेळा नाही. पातळ थर असेल तर स्वच्छ पट्टीने ढवळून एकजीव करा आणि वापरा. वाटीभर तेल जमलं असेल, खालचं ग्रीस कडक झालं असेल, तर तो डबा आयडी फॅनला नको.

बऱ्याचदा हे आपणच घडवतो. दह्यात चमच्याने खड्डा पाडला की थोड्या वेळात त्यात पाणी जमतं. ग्रीसच्या बादलीत मधोमध हात घालून खड्डा केला की तिथे तेल जमतं, त्याच कारणाने. ग्रीस काढल्यावर वरचा भाग सपाट करून ठेवा. बॉयलर हाऊसच्या पत्र्याखाली, उन्हात किंवा स्टीम लाइनच्या शेजारी बादली ठेवू नका.

खरेदीच्या वेळी माहितीपत्रकात 'तेल विलगीकरण' हा आकडा मागा, आणि तो कुठल्या चाचणीचा तेही. एएसटीएम डी १७४२ ही २५ अंशांवर २४ तासांची, म्हणजे साठवणुकीची. डीआयएन ५१८१७ ही ४० अंशांवर सात दिवसांची. एएसटीएम डी ६१८४ ही १०० अंशांवर ३० तासांची, जाळीच्या शंकूतून. गरम फॅनसाठी मला तिसरीचा आकडा हवा असतो; विक्रेता पहिलीचा देतो, कारण तो छोटा दिसतो. दोन ग्रीसची तुलना एकाच चाचणीच्या आकड्यांवर करा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

मिल हाऊसमध्ये लाइन चोक होत असेल

मध्यवर्ती ग्रीसिंग यंत्रणेत (एकाच पंपातून पाइपने अनेक जागी ग्रीस जातं तिथे) हीच गोष्ट वेगळ्या वेशात येते. पंप चालतो, दाब दिसतो, टोकाला ग्रीस नाही. पाइप सोडवला तर आधी नुसतं तेल येतं आणि मागे साबणाची घट्ट कांडी. दाब सतत राहिला की तेल डिस्ट्रिब्युटरच्या (ग्रीस वाटून देणाऱ्या भागाच्या) पिस्टनच्या बारीक फटीतून निसटतं, साबण लाइनमध्ये आवळला जातो. दोन लाइनच्या यंत्रणेत प्रत्येक फेरीनंतर दाब उतरतोय का ते बघा, चेंजओव्हर व्हॉल्व (दाब एका लाइनवरून दुसरीवर नेणारा) अडकला असेल तर तो उतरत नाही. ग्रीस २ नंबरऐवजी १ किंवा ० नंबरचं, आणि दाबाखाली तेल कमी सोडणारं हवं. चोक झालेली लाइन जास्त दाबाने मोकळी करण्याचा प्रयत्न साबण आणखी आवळतो. ती काढून साफ करावी लागते.

उभा असलेला फॅन

स्टँडबाय फॅनचं बेअरिंग तर वापरलंच नव्हतं, तरी सुरू करताच आवाज का? शेजारचा फॅन चालू असताना त्याचा कंप फाउंडेशनमधून येतो. उभ्या बेअरिंगमध्ये रोलर जागच्या जागी थरथरतात, मधलं तेल दाबून बाहेर जातं, आणि बेअरिंग फिरत नसल्याने नवीन तेल आत ओढलं जात नाही. ट्रॅकवर रोलरच्या अंतराने उमटलेले खळगे आणि लालसर पूड दिसली तर हेच. दर आठवड्याला वीज तोडून, टॅग लावून, शाफ्ट हाताने काही पूर्ण फेरे फिरवा आणि थांबताना पहिल्यापेक्षा वेगळ्या जागी थांबवा.

बंद हंगामात दोन्ही फॅनना हेच करायचं. गाळपाच्या आधी कव्हर उचलून तळाला जमलेलं तेल आणि कडेचं कडक ग्रीस काढा, ड्रेन मोकळा करा, बेअरिंग पूर्ण आणि हाऊसिंग एक तृतीयांश भरा. पहिला पूर्ण दिवस फॅन चालू असताना तासातासाला तापमान लिहून ठेवा. हंगामभर तुलना करायला तोच तक्ता लागतो.